फ्रेमच्या बाहेर हो

निसर्गाचे फोटो काढणाऱ्यांनो, मला तुमच्याशी भांडायचंय.

शनिवारी रात्री गाडीत ट्रायपॉड टाकून निघणाऱ्यांनो, उजाडायच्या आत डोंगराच्या माथ्यावर नाहीतर दर्याच्या काठावर पोचणाऱ्यांनो, तुमच्याशी. सोमवारी तुम्ही ऑफिसात फोटो दाखवता आणि म्हणता, काय शांतता होती तिथं, माणूस म्हणून नव्हता. मला या 'माणूस म्हणून नव्हता'बद्दल बोलायचंय. माणूस होता. मी होतो. तुमचा ट्रायपॉड माझ्या खांद्यावर होता.

मी कळंबोलीत राहतो. बाप लोखंड बाजारात माथाडी होता. त्याचा खांदा निकामी झाला तेव्हा मी तळोज्याच्या एका रोलिंग मिलमध्ये लागलो, ठेकेदाराच्या हजेरीवर. शिक्षण दहावी, तेही दुसऱ्यांदा बसून. बाकीचं शिकलो ते रद्दीवाल्याकडं किलोवर मिळणाऱ्या पुस्तकांतून. मी कविता करतो हे मिलमध्ये सगळ्यांना ठाऊक आहे, आणि त्यातूनच ही भानगड झाली.

आमच्या मालकाचा मुलगा, छोटे शेठ, हौसेनं फोटो काढतो. माणूस वाईट नाही. शिवी देत नाही, दिवाळीला पुडा स्वतःच्या हातानं देतो. त्याच्या कानावर गेलं की रोलवर एक पोरगा कविता करतो. एके दिवशी गेटवर थांबवून म्हणाला, "काय कवी, निसर्ग आवडतो का? येतोस रविवारी?" मी हरखलो. वाटलं, कवीला बोलावलं. गाडीतून उतरल्यावर कळलं, हमालाला बोलावलं.

तो रविवार २०२२ च्या जुलैतला. आम्ही इर्शाळगडाला गेलो. चौकच्या अंगाला, मोरबे धरणाच्या वर तो सुळका उभा आहे, त्याला आरपार भोक आहे, त्याला नेढं म्हणतात. ट्रेकवाल्यांचा लाडका गड. गडाच्या पोटाशी इर्शाळवाडी. ठाकरांची वस्ती. गाडीरस्ता नाही, नुसती पायवाट. पिशवी, ट्रायपॉड, लेन्सांची पेटी असं सगळं माझ्या अंगावर. वाडीत पोचलो तेव्हा मी निथळत होतो. एका घरात चहा झाला. बाईनं पैसे मागितले नाहीत, शेठनं पन्नासची नोट ठेवली. दारात एक बारकं पोर उभं होतं, नाकात बोट घालून. बाई मला म्हणाली, "दादा, ह्याचा एक काढा ना. एक बी फोटो नाय त्याचा."

शेठला घाई होती. ढग सरकत होते. मीच म्हणालो, "उतरताना काढतो, मावशी."

पुढं जाऊन शेठनं ट्रायपॉड लावला. वर सुळका, सुळक्याला ढग गुंडाळलेला, खाली हिरवंगार, आणि खालच्या कोपऱ्यात चार-पाच घरांची छपरं. एका छपरावर निळी ताडपत्री. शेठ म्हणाला, "ती ताडपत्री सगळं घाण करतेय." त्यानं कॅमेरा जरासा वर उचलला. ताडपत्री गेली, छपरं गेली, वाडी गेली. मी पिशवी उचलून पुढं सरकलो तसा ओरडला, "ए कवी, फ्रेमच्या बाहेर हो!"

मी झालो बाजूला. एवढंच करून थांबलो असतो तर आज भांडायला मोकळा होतो. पण मी काय केलं? खिशातून मोबाईल काढला, शेठच्या मागं उभा राहिलो आणि तोच फोटो काढला. मीसुद्धा मोबाईल जरासा वर उचलला. मलाही ती ताडपत्री नको होती. आमच्या कळंबोलीच्या घराच्या पत्र्यावर पावसाळ्यात तसलीच निळी ताडपत्री असते, आणि मला ती फोटोत नको होती. शेठचं डोळं माझ्या कवटीत कधी येऊन बसले, मला कळलंही नाही.

उतरताना धो धो पाऊस आला. आम्ही थांबलो नाही.

१९ जुलै २०२३ च्या रात्री डोंगराचा कडा इर्शाळवाडीवर आला. माणसं झोपलेली. वर यंत्र नेता येईना, रस्ताच नव्हता. माणसांनी कुदळ-फावड्यानं, हातानं माती उपसली. मदतीला वर चढताना नवी मुंबईच्या अग्निशमन दलाचा एक अधिकारी हृदयविकारानं गेला. २३ जुलैला शोध थांबवला. २७ मृतदेह हाती आले. ५७ माणसं सापडलीच नाहीत. ती त्याच मातीत आहेत. ते पोर आणि ती बाई कुठल्या यादीत आहेत, की जिवंत माणसांत आहेत, मला सांगता येत नाही. मी त्यांचं नाव विचारलं नव्हतं.

त्या रात्रीनंतर मी मोबाईल धुंडाळला. सुळका आहे. ढग आहे. हिरवळ आहे. वाडी नाही.

दिवाळीनंतर मिलमध्ये २०२४ चं कॅलेंडर वाटलं. गुळगुळीत कागद, बारा महिन्यांचे बारा फोटो, सगळे छोट्या शेठनी काढलेले. जुलैच्या पानावर इर्शाळगड. खाली दोन शब्द: वर्षा वैभव. मी शेठकडं गेलो. म्हणालो, "शेठ, इथं वाडी होती." तो जरा गप्प झाला. मग म्हणाला, "म्हणूनच तर घरं नाहीत तो फोटो घेतला. असती तर लोकांना वाईट वाटलं असतं."

बघा. कळवळासुद्धा आहे. चौऱ्याऐंशी माणसं गाडली गेली आणि याचा कळवळा भिंतीवर कॅलेंडर लावणाऱ्यासाठी. साल संपून गेलं तरी ते कॅलेंडर माझ्या खोलीत खिळ्याला आहे. जुलैचं पान उलटलेलं नाही.

आता तुम्ही म्हणाल, एका शेठच्या हौसेवरून सगळ्यांना का झोडपतोस? निसर्ग सगळ्यांचा असतो. सूर्य काय जात बघून उगवतो? मला हे वाक्य तोंडपाठ झालंय. म्हणून थोडा हिशेब मांडतो.

१९३४ साल घ्या. बाबासाहेबांच्या चळवळीतल्या काही कार्यकर्त्यांना वाटलं, आपणही चार ठिकाणं बघावीत. म्हणजे अगदी तुमच्यासारखं, सहलीला. वेरूळची बौद्ध लेणी बघायची ठरलं. बाबासाहेब बरोबर होते. तीसेक माणसं, बसनं निघाली. वाटेत दौलताबादचा किल्ला बघायला उतरली. दरवाज्याजवळ पाण्याचा हौद होता, काठोकाठ भरलेला. प्रवासानं अंगं धुळीनं माखलेली. काहींनी तोंड धुतलं, पाय धुतले. लगेच आरडाओरडा झाला: धेडांनी पाणी बाटवलं. ओरडणारे मुसलमान होते, दिवस रमझानचे. म्हणजे जातीचा विटाळ धर्म ओलांडून सगळ्यांना पुरून उरतो, हेही कळलं. मारामारीवर गोष्ट आली. शेवटी किल्ला बघू दिला, पण एका हत्यारबंद शिपायाच्या पहाऱ्यात, की आत ही माणसं कुठं पाण्याला हात लावू नयेत. जो माणूस पुढं या देशाची घटना लिहिणाऱ्या समितीचा अध्यक्ष झाला, त्यानं दौलताबाद असा बघितला. हे सगळं बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवलंय.

आता सांगा मला, त्या हौदाचा तुम्ही फोटो काढलात तर त्यात काय येईल? पाणी. दगड. आभाळाचं प्रतिबिंब. शिपाई येईल का?

आमच्याच रायगड जिल्ह्यातलं घ्या. तुम्ही रायगडाला जाता, पहाटे टकमकावर कॅमेरे लावता, ढगांचा समुद्र टिपता. जाताना महाड लागतं. महाडला चवदार तळं आहे. २० मार्च १९२७ ला तिथं माणसं पाणी प्यायली. त्याबद्दल डोकी फुटली. मग तळं 'शुद्ध' करायला त्यात पंचगव्य ओतलं. गाईचं शेण चालतं, माणसाचा हात चालत नाही. हायकोर्टाचा शेवटचा निकाल लागला १९३७ मध्ये. ओंजळभर पाण्याला दहा वर्षं. तुमच्यातले किती जण तिथं थांबतात? कुणी म्हणतो, तिथं फोटोला काही नाही. खरं आहे. चौकोनी तळं, भोवती घरं, रहदारी. नजारा नाही. कारण तुमच्या डोळ्यांना नजारा दिसतो तो फक्त जिथं भांडण दिसत नाही तिथं.

आम्हाला निरपराध डोंगर, निरपराध नदी ठाऊकच नाही. गावात नदी एकच असते, पाणवठे वेगळे असतात. वरच्या अंगाला त्यांचा, खालच्या अंगाला आमचा. त्यांची धुणी, त्यांची गुरं, त्यांचं सगळं वाहून येईल तिथं आमची कळशी. तुम्ही त्याच नदीचा फोटो काढता आणि वळण किती सुंदर म्हणता. त्या वळणाच्या खाली आमची वस्ती का आहे, हे विचारत नाही.

आणि ही जमीन आधी कुणी बघितली होती, हेही ऐका. गावाच्या शिवेवर वाद झाला तर साक्ष कुणाची घ्यायचे? महाराची. कुठला दगड कुणाचा, कुठला ओढा कुठवर, हे त्याच्या पायांना पाठ. गडकोटांच्या घेऱ्यात पहारा कुणाचा? महार, मांग, रामोशी, कोळी यांचा. आज तुम्ही ज्या वाटेनं चढता आणि 'अनवट वाट' म्हणून नाव देता, ती त्यांच्या टाचांनी मळलेली. माझा आजा माणगाव तालुक्यातला. सरकारी साहेब दौऱ्यावर आला की त्याचं सामान गावोगाव पोचवायचं काम आमच्या वाडीचं. फुकट. त्याला वेठ म्हणत. या वतनी गुलामीविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबईच्या कौन्सिलात बिल आणलं. वतनं संपवायचा कायदा व्हायला १९५८ उजाडलं. कायदा झाला. पण २०२२ च्या जुलैत इर्शाळगडाच्या चढावर माझ्या खांद्यावर काय होतं? त्या रविवारची मजुरी मला मिळाली नाही. शेठ म्हणाला, "मजा आली ना?" मी म्हणालो, "आली." आज्याचा नातू शोभलो.

आता जरा कॅमेऱ्याचा जन्म बघू. मी हे रद्दीतल्या पुस्तकांतून वाचलंय, पण पक्कं वाचलंय.

१८३८ साली दागेर नावाच्या माणसानं पॅरिसच्या एका हमरस्त्याचा फोटो काढला. रस्त्यावर गाड्या होत्या, घोडे होते, माणसांची वर्दळ होती. पण फोटो उमटायला कित्येक मिनिटं लागायची. जे हलत होतं ते उमटलंच नाही. सगळा रस्ता ओस. फक्त एका कोपऱ्यात एक माणूस उमटला, कारण तो पाय वर ठेवून एका जागी उभा होता. जोडे पुसून घेत होता. जगातल्या फोटोत माणूस आला तो असा. आणि त्याच्या पायाशी वाकलेला जोडे पुसणारा? तो पण आहे, पण धूसर. कारण त्याचे हात चालू होते. ज्याचे जोडे तो स्पष्ट, ज्याचे हात तो धूसर. दोस्तांनो, हे मी रचलेलं नाही. फोटोग्राफीची पहिली पाटी अशीच कोरी झाली.

तुम्ही आजही तेच करता, पैसे मोजून करता. छोटे शेठ काळी काच आणतो, लेन्सपुढं लावतो. उजेड अडतो, फोटोला अर्धा-एक मिनिट लागतं. एकदा रेवदंड्याच्या पुढं कोर्लईला गेलो होतो. हो, पुन्हा गेलो, तेव्हा माझं डोकं जागेवर नव्हतं. ओहोटी होती. कोळणी पाट्या घेऊन वाळूवरनं चाललेल्या, होडीपासून रस्त्यापर्यंत, रस्त्यापासून होडीपर्यंत. शेठनं काच लावली, बटण दाबलं. फोटो बघितला तर दर्या दुधासारखा, गुळगुळीत. वाळू कोरी. कोळणी नाहीत. डोळ्यांदेखत समोर चालणाऱ्या चार बाया पुसल्या गेल्या. शेठ खूश. म्हणाला, "बघ, कशी शांतता आली." होडी आली होती फोटोत, कारण होडी उभी होती. कष्ट करणारं माणूस गेलं, कारण ते कष्ट करत होतं.

आपल्या मुलखात कॅमेरा आला त्यानं काय केलं? मुंबईत १८५४ मध्येच फोटोग्राफिक सोसायटी निघाली. विल्यम जॉन्सन नावाच्या साहेबानं मुंबईतल्या जातीजमातींच्या फोटोंचे दोन खंड काढले, १८६३ आणि १८६६ मध्ये. त्याची युक्ती ऐका. माणसांचे फोटो वेगळे काढले, देखाव्यांचे वेगळे काढले, आणि माणसं कापून देखाव्यावर बसवली. पुढं इंग्रज सरकारनं १८६८ ते १८७५ मध्ये 'पीपल ऑफ इंडिया'चे आठ खंड काढले, त्यात माणूस म्हणजे जातीचा नमुना. फुलपाखरं टाचणीनं टोचतात तसा. म्हणजे या देशात कॅमेऱ्यानं आम्हाला दोनच जागा दिल्या: नमुना म्हणून टोचून घ्या, नाहीतर देखाव्यातून निघून जा.

आजही दोनच जागा आहेत. तुमच्यातला एक गट आम्हाला पुसतो. दुसरा गट स्वतःला संवेदनशील म्हणवतो, तो आमच्या सुरकुत्या काढतो. वाडीत शिरायचं, सगळ्यात म्हातारी बाई शोधायची, तिला उन्हात बसवायची, काळापांढरा फोटो काढायचा आणि खाली लिहायचं 'मातीची माणसं'. बाईचं नाव लिहायचं नाही. लेन्सचं नाव, आकड्यांसकट, लिहायचं. हा सुरकुत्यांचा बाजार पुसण्यापेक्षा बरा, असं कुणी मला सांगू नये.

तुम्ही म्हणाल, बाहेरच्या देशात बघ, निसर्गाच्या फोटोंनी जंगलं वाचवली. बघितलं. अमेरिकेतल्या योसेमिटी खोऱ्याचे फोटो कार्लटन वॉटकिन्सनं १८६१ मध्ये काढले. ते बघून लोक वेडे झाले, १८६४ मध्ये ते खोरं राखीव ठरलं. छान झालं. पण त्याच्या आधी, १८५१ मध्ये, तिथं राहणाऱ्या आदिवासींना बंदूकवाल्या पलटणीनं हाकललं होतं. काही परत येऊन राहिले, त्यांची शेवटची वस्ती १९६९ मध्ये पाडली. मधल्या काळात जगानं फोटो बघितले आणि म्हणालं, देवानं घडवलं तसंच आहे, माणसाचा हात लागलेला नाही.

त्या खोऱ्याचा सगळ्यात मोठा फोटोग्राफर ॲन्सेल ॲडम्स. त्याला मी शिव्या देणार नाही, कारण त्यानं एक काम केलं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेनं आपल्याच जपानी वंशाच्या नागरिकांना छावण्यांत कोंडलं. मांझानारच्या छावणीत दहा हजारांच्या आसपास माणसं होती. ॲडम्स १९४३ मध्ये तिथं गेला, माणसांचे फोटो काढले, नावानिशी, हसणारे, काम करणारे, आणि १९४४ मध्ये त्यांचं पुस्तक काढलं. पण त्याच मांझानारहून, १९४४ मध्येच, त्यानं आणखी एक फोटो काढला: पुढं मोठमोठे धोंडे, मागं विल्यमसन पर्वत, ढगांतून उतरणारा उजेड. त्यात छावणी नाही, तार नाही, माणूस नाही. एकाच माणसानं, एकाच जागेवरून, दोन फोटो काढले. जगभर भिंतीवर कुठला लागला? सांगायला नको. मी त्यांच्या पुढं खिळ्याला टांगलेलं आमच्या मिलचं कॅलेंडर बघतो.

तर प्रश्न कॅमेऱ्याचा नाही. कॅमेरा जरासा वर उचलायचा की जरासा खाली, एवढाच आहे.

आमच्या भागात तो खाली आणायला किती जागा आहे बघा. ज्या भागाला तुम्ही बायपास करून दर्याकडं पळता, तो भाग. कासाडी नदी आमच्या तळोज्यातून वाहते. २०१७ च्या ऑगस्टमध्ये तिथली भटकी कुत्री निळी झाली. खरोखर निळी. कारखान्याच्या रंगाचं पाणी त्यांच्या अंगाला लागलं. ते फोटो जगभर गेले, म्हणून एका कारखान्याला टाळं लागलं. कुत्रं निळं झालं तर फोटो होतो. माणूस निळा होत नाही, तो खोकतो. खोकल्याचा फोटो येत नाही.

पलीकडं उलव्याची टेकडी होती. विमानतळासाठी ती फोडली, नदीचं पात्र वळवलं, दहा गावं उठवली. त्याआधी याच पट्ट्यातल्या ९५ गावांची जमीन नवं शहर वसवायला घेतली, मोबदल्यासाठी दि. बा. पाटलांच्या मागं उभ्या राहिलेल्या शेतकऱ्यांवर १९८४ च्या जानेवारीत गोळ्या चालल्या, पाच जण गेले. २०२५ च्या ऑक्टोबरात विमानतळाचं उद्घाटन झालं. आता छोटे शेठ त्याच्या छताचे फोटो काढतो. टेकडी होती तेव्हा त्यानं टेकडीचे काढले होते. दोन्हीत माणूस नाही.

आणि खारघरचा पांडवकडा. पावसाळा लागला की तिथं बंदी येते. कळंबोली, कामोठ्याची पोरं तरी जातात. धबधब्याखाली उभी राहून मोबाईलवर फोटो काढतात. धोका आहे, माणसं वाहून गेलीत, बंदी चुकीची आहे असं मी म्हणत नाही. पण पेपरात त्या पोरांना काय म्हणतात? हुल्लडबाज. आणि त्याच पावसात बंद वाटेनं ट्रायपॉड घेऊन चढणाऱ्याला? निसर्गप्रेमी. आमच्या पोरांकडं हप्त्याची एक सुट्टी, तीही कधी मिळते कधी नाही. कपडे स्वस्तातले, आवाज मोठा. त्यांना धबधबा बघायचा असतो आणि धबधब्यापुढं आपण उभं असलेलं बघायचं असतं. तुम्ही हसता, म्हणता की सगळीकडं स्वतःचं थोबाड घालतात. अरे, घालणारच! ज्यांच्या शंभर पिढ्यांचं थोबाड कुठंच उमटलं नाही, ती पोरं कॅमेरा हातात आल्याबरोबर आधी स्वतःचं थोबाड घालणार. माझ्या आज्याचा एकही फोटो नाही. तो कसा दिसत होता, मला ठाऊक नाही. तो ज्या डोंगरावर लाकडं तोडायचा त्या डोंगराचे हजार फोटो आहेत.

आता आपल्या माणसांशी. होय, तुमच्याशीही भांडायचंय. आपल्यातले काही कवी अलीकडं धुकं, पाऊस, दर्या लिहायला लागलेत. लिहा. निसर्गावर कुणाची मक्तेदारी नाही. पण लिहिताना ताडपत्री का काढून टाकता? मोठ्या मासिकात छापून यावं म्हणून? मी हे आत्मविश्वासानं बोलतो कारण मी ती काढलीय. माझ्या वहीत २०२२ सालची इर्शाळगडावरची एक कविता आहे. त्यात ढग आहे, नेढं आहे, हिरवा रंग चार वेळा आहे. चहा देणारी बाई नाही. ती कविता मी फाडली नाही. कॅलेंडरच्या मागं अडकवून ठेवलीय.

मग काय, सौंदर्य बघायचंच नाही? कोण म्हणतं? सौंदर्य मला तुमच्यापेक्षा जास्त कळतं. तुम्ही पहाटेच्या अर्ध्या तासाला 'गोल्डन अवर' म्हणता आणि त्यासाठी शंभर मैल जाता. मी आठ तास तसल्या उजेडापुढं उभा असतो. भट्टीतून बिलेट बाहेर येतं तेव्हा त्याचा रंग बघून मी सांगतो, लोखंड किती तापलंय. गर्द लाल म्हणजे अजून कच्चं, रोल मोडेल. नारिंगी, मग पिवळं, मग पांढुरकं. एका नजरेत ओळखावं लागतं. चुकलं तर तापलेली सळई सापासारखी रोलातून उडते आणि समोरच्याच्या मांडीतून जाते. उजेड वाचायला मी असा शिकलोय. रात्रपाळीत पहिली सळई थंड व्हायला पडते, तिच्यावरचा लाल रंग शेवटाकडून शेवटाकडं विझत जातो, ते बघून माझ्या अंगावर काटा येतो. पण त्या उजेडाला लागून एक माणूस असतो, चिमटा धरलेला, आणि मला तो पुसता येत नाही. पुसला तर उजेड खोटा पडतो.

असं काम करणारे आहेत. सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांचे फोटो काढले, वर्षानुवर्षं त्यांच्यात जाऊन काढले. गटारात उतरलेला माणूस काढला आणि घरी बायकापोरांत बसलेलाही काढला. तिकडं अमेरिकेत गॉर्डन पार्क्स नावाच्या काळ्या माणसानं गहाणवटीच्या दुकानातून जुना कॅमेरा घेतला आणि १९४२ मध्ये वॉशिंग्टनला सरकारी कचेरीत झाडलोट करणाऱ्या बाईला झाडूसकट अमेरिकेच्या झेंड्यापुढं उभं केलं. तिचं नाव जगाला ठाऊक आहे: एला वॉटसन. नाव विचारलं होतं म्हणून ठाऊक आहे.

म्हणून माझं मागणं फार मोठं नाही. डोंगरावर जा, दर्यावर जा. पण जिथं चहा प्यायलात त्या घराचं नाव विचारा, फोटोखाली लिहा. वाट दाखवणाऱ्याला, ओझं वाहणाऱ्याला मजुरी द्या, 'मजा आली ना' देऊ नका. कुणी पोराचा फोटो काढायला सांगितला तर आधी तो काढा, ढग थांबला तर थांबला. कागदावर छापून परत नेऊन द्या. आणि ताडपत्री असेल तर राहू द्या. ताडपत्री तिथं का आहे, डोंगराच्या पोटाशी माणसं का राहतात, त्यांना खाली जमीन का मिळत नाही, हा प्रश्न त्या निळ्या तुकड्यात आहे. तो कापलात की फक्त हवामान उरतं.

हे न करणाऱ्याला मी निसर्गप्रेमी म्हणणार नाही. जागा रिकामी करून घेणारा म्हणेन. जागा रिकामी दिसली की कुणाला तरी ती विकत घ्यावीशी वाटते, हे पनवेलवाल्यांना शिकवायला नको. डोंगर उतारावरचे प्लॉट विकणाऱ्यांच्या जाहिरातीत कुठले फोटो असतात? तुमचेच. धुकं, हिरवळ, आणि माणूस म्हणून नाही.

मी आता एक जुना कॅमेरा घेतलाय, हप्त्यानं. लेन्सला बुरशी आहे, कोपऱ्यात डाग येतो. सुट्टीच्या दिवशी बापाला घेऊन लोखंड बाजारात जातो, त्याच्या बरोबरीच्या माथाड्यांचे फोटो काढतो. एकेकाचं नाव, गाव, खांदा कधी गेला ते वहीत लिहितो. पनवेलच्या स्टुडिओत छापून आणून देतो. एकानं फोटो हातात घेतला, बराच वेळ बघितला आणि म्हणाला, "माझा बाप असाच दिसायचा."

इर्शाळवाडीचे वाचलेले लोक आता खाली राहतात. मी तिकडं अजून गेलेलो नाही. जायचंय. नाव विचारायचंय. ते पोर असेल तर आता बरंच मोठं झालं असेल. नसेल तर त्या बाईपुढं, तीही असेल तर, मला उभं राहायचंय आणि सांगायचंय की उतरताना पाऊस होता हे खरं, पण मी थांबू शकलो असतो.

या अंकाच्या पानांवर फोटो छापता येत नाही. स्टेन्सिलवर शाई नुसती अक्षरं उमटवते. म्हणून तो न काढलेला फोटो मी इथं अक्षरांनी काढून ठेवतो: दार. दारात एक बारकं पोर, नाकात बोट. मागं त्याची आई, हातात चहाची किटली. वर निळी ताडपत्री. त्याच्या मागं सुळका.

जयभीम.